बिनफुलांचा झेंडा

आमच्या गावात पंधरा ऑगस्टला झेंड्यातून फुलं पडायची. सव्वीस जानेवारीलाही पडायची. दोन्ही दिवसांत फरक एवढाच, की जानेवारीत पोरं स्वेटर घालून यायची आणि ऑगस्टात माणसं फवारणीचे पंप ग्रामपंचायतीच्या भिंतीला टेकवून उभी राहायची. सोयाबीनवर अळी असे, झेंडा झाला की तसंच शेतात जायचं असे. बाकी सगळं तेच. आदल्या दिवशी शिपाई ओट्यापुढची जागा झाडून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायचा. सकाळी शाळेची प्रभातफेरी गावातून फिरून ग्रामपंचायतीसमोर येऊन थांबायची. तोवर शिपायानं झेंड्याची घडी घालून, तिच्यात जास्वंदीच्या नि कण्हेरीच्या पाकळ्या भरून, ती पुडी दोरावरून खांबाच्या टोकाला चढवून ठेवलेली असायची. खालून एक हिसका दिला की गाठ सुटायची, झेंडा उलगडायचा, पाकळ्या खाली यायच्या आणि राष्ट्रगीत सुरू व्हायचं. सुरू करा असं कोणी म्हणायचं नाही. पाकळ्या पडणं हीच खूण होती.

मी त्या गावची पाच वर्षं सरपंच होते. आता गुजरातेत लेकाजवळ राहते आणि एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. इथं मला कोणी सरपंच म्हणत नाही आणि मी कोणाला सांगत नाही. सांगितलं तर पुढचा प्रश्न शिक्षण किती हाच येणार, अशी धास्ती वाटते. शिक्षण सातवी. माहेरच्या गावात शाळा तेवढीच होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, आणि ओढ्यापलीकडे एकट्या पोरीला धाडायचं नाही, एवढ्यावर ते संपलं.

माझं माहेर हिंगोलीकडचं. सासर रिसोड तालुक्यातलं. एसटीनं पाहिलं तर दीड तासाचा रस्ता, पण मधून जुनी हद्द जाते. देश स्वतंत्र झाला तेव्हा रिसोडकडचा मुलूख मोकळा झाला आणि आमच्याकडं निजामाचं राज्य तसंच राहिलं, ते पुढच्या वर्षीच्या सतरा सप्टेंबरपर्यंत. म्हणून माहेरी शाळेत आम्ही स्वातंत्र्याचा झेंडा दोनदा करायचो, एकदा ऑगस्टात आणि एकदा सप्टेंबरात. आई सांगायची की पहिल्या पंधरा ऑगस्टला आमच्या गावातली चार माणसं पहाटे पायी निघून हद्दीपलीकडे आली, झेंडा पाहिला आणि परत जाऊन कोणाला काही बोलली नाहीत. आईला हे तिच्या सासऱ्यांनी सांगितलेलं. खरंखोटं मला माहीत नाही. सासरी मात्र त्यावरून माझी टिंगल व्हायची. मोठी जाऊ म्हणायची, "तुमच्या लोकायले स्वातंत्र्यच उशिरा भेटलं, मंग तुले उठाले उशीर होनारच."

सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं त्या वर्षी आमच्या घरात माझं नाव पुढं केलं ते माझ्या भासऱ्यांनी. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. गावात त्यांचं वजन होतं. भजनी मंडळात ते पुढं बसायचे, आवाज असा की टाळ नसले तरी चालेल. मोठ्या जावेनं साफ नाही म्हटलं. "मले नाई जमत खुर्चीवर बसनं, मले पाय लटकवले की मुंग्या येतात." मग ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सही येते ना? वाचता येते ना? झालं तं मंग." प्रचाराला ते घरोघर फिरले. मी निवडून आले ती त्यांच्यामुळं, हे मी तेव्हाही मानत होते आणि आताही मानते. पुढं जे सांगणार आहे त्यात त्यांची उणीदुणी काढायची नाहीत.

पण आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर लेकराला सांगायचं, लेकरू नसलं तर भिंतीकडं तोंड करून सांगायचं, "जेवन झालं म्हना." त्यांनीही तसंच, "भाजीत मीठ कमी हाये म्हना." आणि शिवायचं तर नाहीच, चुकूनसुद्धा. लग्नाच्या पहिल्या वर्षी पाण्याचा गिलास देताना माझं बोट त्यांच्या बोटाला लागलं, तर सासूनं मला भर थंडीत दुसऱ्यांदा आंघोळ करायला लावली होती. तेव्हापासून मी त्यांचा गिलास खाली ठेवायची आणि मग ते उचलायचे.

सरपंच झाले त्या वर्षी पंधरा ऑगस्टला मी पहाटे चारला उठले. दोन वेळा साडी बदलली. दोर ओढायचा कसा हे शिपायाला तीनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, एक हिसका. लहान लेकरू बी देते." मी हिसका दिला. गाठ सुटली नाही. दुसरा दिला, तरी नाही. दोर ओला होता आणि शिपायानं बहुतेक फुलं जास्त झाली म्हणून गाठ घट्ट मारली होती. मागं कोणीतरी हसलं. तेवढ्यात भासरे एक पाऊल पुढं आले आणि माझ्या हातांच्या वर दोराला हात घातला.

मी दोर सोडला. विचार करून सोडला नाही. विस्तवाला हात लागावा तसा सुटला. त्यांनी ओढलं, झेंडा उघडला, पाकळ्या त्यांच्या टोपीवर पडल्या, राष्ट्रगीत सुरू झालं. नेमका त्याच वेळी ग्रामसेवकानं फोटो काढला. तो फोटो मोठा करून कार्यालयात लावला गेला. त्यात भासऱ्यांचा हात वर आहे आणि मी शेजारी पदर नाकापर्यंत ओढून रिकाम्या हातांनी उभी आहे. खाली लिहिलं होतं, 'सरपंच यांच्या हस्ते ध्वजारोहण'. दर महिन्याच्या सभेला मी त्या फोटोखाली बसायची.

त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "तूच वढलास ना झेंडा?"

"हो आई."

"दुसऱ्यानं तर नाही ना वढला?"

"नाही गं."

आईनं ते माहेरच्या गावात सगळ्यांना सांगितलं. मामीला, पिठाच्या गिरणीवर, एसटीत भेटलेल्या बायांना. मला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते एक खोटं वर्षभर पोटात खड्यासारखं राहिलं. पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंडा माझ्या हातानं वर जायला पाहिजे, एवढंच मला हवं होतं. बाकी रस्ता, नाली, पाण्याची टाकी, ते सगळं होतच राहतं किंवा होत नाही. मधल्या सव्वीस जानेवारीला मला ताप होता आणि उपसरपंचांनी उरकलं.

मी नवऱ्याला म्हटलं, "या बारीनं तुमच्या दादांना सांगा, पुढं येऊ नका म्हणून."

तो बैलाला पेंड घालत होता. "मी सांगू? दादाले?"

"मग मी सांगू का?"

"तू कसं सांगशीन? तुले तं बोलता येत नाई त्यायच्याशी." बैलाच्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "भिंतीले सांगून पाय. भिंत सांगीन."

मोठ्या जावेला विचारलं तर तिनं हात झटकले. "नाई बापा. ते म्हनतीन घरच्या बायकाइनं मिळून ठरवलं. अन् तुले काय झालं वो? झेंडा तं वर गेला ना? कोनाच्या हातानं गेला, झेंड्याले काय मालूम?"

म्हणजे त्यांना कोणी सांगणार नव्हतं, आणि ते नेहमीच्या जागी, माझ्या उजव्या हाताला एक पाऊल मागं, उभे राहणार होते. मला वाटतं त्यांना यात वावगं काही दिसतच नव्हतं. घरातली बाई अडली तर पुढं व्हायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

मी शाळेतल्या मॅडमकडं गेले. त्या वाशीमहून स्कूटीवर यायच्या, पावसात चिखलात रुतायच्या, तरी यायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं की गाठ न अडकता सुटेल अशी कशी बांधायची ते शिकवा.

मॅडम म्हणाल्या, "ताई, पण पंधरा ऑगस्टला गाठ नसतेच."

मला कळलं नाही.

"पंधरा ऑगस्टला झेंडा खाली बांधायचा आणि ओढत वर चढवायचा. त्या दिवशी दुसऱ्याचा झेंडा उतरला आणि आपला चढला, म्हणून. सव्वीस जानेवारीला देश आधीच स्वतंत्र होता, झेंडा वरच होता, म्हणून त्या दिवशी वर बांधून नुसता उलगडायचा. फुलं त्या दिवशी."

"मग आपल्या गावात?"

"आपल्या गावात सगळेच दिवस सव्वीस जानेवारी." त्या हसल्या. "शाळेत मी सांगून पाहिलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, लोकांना फुलं आवडतात."

मला आधी भीतीच वाटली. इतकी वर्षं सगळं गाव करत आलं ते मी सातवी शिकलेली बाई कशी बदलणार? पण शाळा सुटल्यावर मॅडमनी त्यांची ओढणी शाळेच्या खांबाच्या दोराला बांधली आणि ओढायला लावलं. ओढणी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. पाच-सहा पोरी घरी न जाता बघत उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, तुमी तं विहिरीचं पानी काढून राह्यल्या!"

पोरी हसल्या, मॅडमही हसल्या. पण पोरीचं बरोबर होतं. पाणी शेंदताना हात जसे चालतात तसेच चालत होते. एक हात दोर खाली आणतो तोवर दुसरा त्याच्या वर जाऊन पकडतो, मग पहिला त्याच्याही वर. हात एकावर एक चढत राहतात. हिसका एकाच ठिकाणी द्यायचा असतो, तिथं दुसरा कोणीही येऊन हात घालू शकतो. इथं मात्र माझ्या हातांच्या वर कोणी हात ठेवला, तर पुढच्याच ओढीला माझा हात त्याच्या हातावर जाऊन पडणार. हे लक्षात आलं तेव्हा मी ओढणी अर्ध्यावरच सोडली. ती मॅडमच्या डोक्यावर पडली.

त्यानंतर चार दिवस मी रोज गेले. मॅडम घरी जायला उशीर करून थांबायच्या. त्यांचे आभार मी तेव्हा नीट मानले नाहीत, दोन शेर उडीद दिले फक्त.

त्या पंधरा ऑगस्टला मी झेंडा स्वतः बांधला. केशरी वर, हिरवा खाली, वरच्या टोकाची लाकडी गट्टी दोराच्या फासात. तीनदा तपासलं. शिपाई पाकळ्यांचं ताट घेऊन शेजारी उभा. "बाई, फुलं?"

"आज फुलं नाहीत."

"नाईत म्हनजे? हे पाहा, मी पाच घरून तोडून आनले."

"सव्वीस जानेवारीला."

"तवलोक सडतीन ना बाई!"

ग्रामसेवकांना मी दोन दिवस आधी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, परिपत्रक बघून सांगतो. ते त्यांनी बघितलं की नाही माहीत नाही. गावाला कोणी काही सांगितलं नाही. माझंही चुकलंच, दवंडी द्यायला हवी होती. पण दवंडी दिली असती तर भासऱ्यांना कळलं असतं, आणि कळलं असतं तर त्यांनी काहीतरी सोय केली असती.

प्रभातफेरी आली. पोरं रांगेत उभी राहिली. पंप भिंतीला लागले. भासरे आले आणि आपल्या जागी उभे राहिले. त्यांची चप्पल काढल्याचा आवाज मी ऐकला. झेंडा खांबाच्या बुडाशी बघून मागं कुजबुज सुरू झाली. "पडला काय वो झेंडा?" एक म्हातारा म्हणाला. "बांधाचा राह्यला वाटते," दुसरा.

मी दोर धरला. ओढायला लागले. झेंडा माझ्या तोंडासमोरून वर गेला, त्याचा ओलसर कापडाचा वास आला. चार हात वर गेला, आठ हात गेला. मग दोर अडला. दोराला मधे एक जुनी जोडगाठ होती, ती वरच्या चाकात शिरत नव्हती. शाळेच्या दोराला जोड नव्हता. मी ओढलं, झेंडा तिथंच. पुन्हा ओढलं.

उजव्या बाजूनं हात आला. सदऱ्याची बाही, मनगटावर काळा दोरा. माझ्या हाताच्या वर वीतभर अंतरावर त्यांनी दोर धरला.

मी डावा हात सोडला आणि वर नेला. जिथं जायला पाहिजे तिथंच नेला. त्यांच्या बोटांपासून दोन बोटं अंतर राहिलं असेल. तेव्हा त्यांनी हात काढला. पटकन काढला, मी मागल्या वर्षी काढला होता तसाच.

मी दोर दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकला. गाठ चाकातून टणकन गेली. त्यानंतर झेंडा सरळ टोकाला गेला आणि वाऱ्यानं थोडा हलला. मी दोर खुंटीला गुंडाळला, मागं सरकले, सलामी दिली.

आणि काहीच झालं नाही. सगळं गाव वर बघत होतं. पोरं वर बघत होती. कोणी हलत नव्हतं, कोणी गात नव्हतं. मला आधी वाटलं मी काहीतरी उलटं केलं, हिरवा तर वर नाही ना गेला? मग समजलं. ते फुलांची वाट बघत होते. फुलं पडली नाहीत म्हणजे झेंडा अजून झाला नाही. मॅडम पोरांच्या रांगेच्या शेवटी होत्या, त्या पुढं यायला निघाल्या, पण मधे दीडशे लेकरं. शिपाई ताट घेऊन उभा होता आणि त्याचं तोंड पडलेलं.

तेवढ्यात माझ्या मागून राष्ट्रगीत सुरू झालं. भासऱ्यांनी सुरू केलं. भजनाच्या सवयीनं इतक्या वरच्या पट्टीत उचललं, की दुसऱ्याच ओळीला पोरांचे आवाज फाटले आणि शेवटपर्यंत बायांना नुसते ओठ हलवावे लागले. पण झालं. संपल्यावर शिपायानं ताटातल्या पाकळ्या मुठीनं पोरांच्या अंगावर उडवल्या आणि मोकळा झाला.

त्यांनी मला सांभाळून घेतलं, की दोर सुटला म्हणून गाणं हातात घेतलं, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. दोन्ही असेल. मी मात्र तेव्हा त्यांचे उपकारच मानले. अजून दोन मिनिटं ती शांतता राहिली असती तर मी तिथंच रडले असते.

बुंदी वाटून झाल्यावर ओट्यापुढं घातलेल्या मांडवात ग्रामसभा बसली. पंधरा ऑगस्टला ती असतेच. विषय होता बौद्धवाड्याकडच्या नालीचा, पण पहिला उठला तो आमच्या शेजारचा.

"सरपंचबाई, झेंडा तं चढला, पन फुलं कुठं गेली?"

"फुलं सोयाबीनले लागली यंदा!" मागून एकजण.

"आमच्या पोराले वाटलं झेंडा खराब झाला, रडून राह्यलं ते."

हसणं चाललं. मी उठले आणि मॅडमनी सांगितलं होतं ते सांगितलं. दुसऱ्याचा उतरला, आपला चढला. माहेरचंही सांगितलं, की आमच्याकडं तो चढायला एक वर्ष जास्त लागलं, म्हणून चढणं म्हणजे काय ते आमच्या लोकांना ठाऊक आहे. हे मी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून गेलं. हसणं थांबलं.

मग भासरे बोलले. ते ओट्याच्या कडेला बसले होते. माझ्याकडं न बघता ग्रामसेवकाकडं बघून म्हणाले, "विचारा म्हना सरपंचाइले. आमी इतके वर्सं चुकीचं करत आलो काय?"

ग्रामसेवकांनी माझ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली. मोठी जाऊ बायांत बसली होती, तिनं पदर तोंडात धरला. मांडवाला भिंत नव्हती. लेकरं बुंदी घेऊन पळाली होती. मी ग्रामसेवकांकडं बघून उत्तर देऊ शकले असते, तेवढं अंतर ठेवता आलं असतं. पण सकाळपासून हात भरून आले होते आणि मला वाटलं, आता हेही ओढून टाकावं.

"हो, मोठे भाऊजी," मी त्यांच्याकडं बघून म्हटलं. "चुकीचं करत आलो. मी पण."

लग्नानंतरच्या सतरा वर्षांत त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर झटकली, पुन्हा घातली.

"अन् सव्वीस जानेवारीले?" ते म्हणाले. या वेळी ग्रामसेवकांकडं पाहिलं नाही.

"तेव्हा फुलं."

"गाठ ढिली माराले सांगा शिपायाले."

"सांगते."

ग्रामसेवकांनी वहीत लिहिलं, सरपंच यांच्या हस्ते ध्वजारोहण झाले. मागल्या वर्षीही त्यांनी हेच लिहिलं होतं. मग नालीचा विषय निघाला. नाली भासऱ्यांच्या गोठ्यापुढून न्यायची की मागून, यावर आमचं दोघांचं भांडण झालं, चांगलं अर्धा तास, समोरासमोर, मधे भिंत नाही, लेकरू नाही. शेवटी मागून न्यायचं ठरलं. ते त्यांचं म्हणणं होतं, आणि खरं म्हणजे उतारही तिकडंच होता.